मार्ग बांधले, गाड्या कोण चालवणार?

8 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईच्या मेट्रो 3 च्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला. 27 स्थानके, त्यांतले आरे तेवढे जमिनीवर, बाकी सगळी भुयारात. काळबादेवी, वरळी, सिद्धिविनायक, विमानतळ अशा ठिकाणी जायचे तर लोकलमधून उतरून पुन्हा बस, टॅक्सी नाहीतर रिक्षा धरावी लागे. ही सगळी ठिकाणे आता एका मार्गावर आली. हे काम मोठे आहे, आणि जुन्या मुंबईच्या पोटातून ते पार पाडणाऱ्या अभियंत्यांचा, मजुरांचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच वर्षी 9 मेपासून बेस्टच्या, म्हणजे शहराच्या बससेवेच्या, साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. त्याच्या पंधरा वर्षे आधी बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. 2025 मध्ये भाडेतत्त्वावरच्या गाड्या धरूनही हा आकडा तीन हजारांच्या आत आला होता, आणि त्यांत बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजारसुद्धा उरल्या नव्हत्या.

शहर एक, वर्ष एक. एका बाजूला हजारो कोटींचे भुयार पूर्ण होते आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनापासून घरापर्यंत नेणारी बस थांब्यावरून नाहीशी होते. हे असे का घडते, ते या लेखात सांगायचे आहे.

मी व्यवसायाने हिशेबनीस. एका कापड गिरणीच्या हिशेब खात्यात उमेदवारी केली, पुढे एका खासगी कंपनीत लेखापाल म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या प्रवाशांच्या गटासाठी बेस्ट, महापालिका आणि महानगर विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) यांचे अर्थसंकल्प वाचू लागलो. हिशेबाच्या पहिल्या वर्गात शिकवतात की भांडवली खर्च वेगळा आणि महसुली खर्च वेगळा. भांडवली म्हणजे एकदाच उभे करायचे: इमारत, यंत्र, रूळ. महसुली म्हणजे रोजचे: पगार, वीज, इंधन, दुरुस्ती. गिरणीत नवे माग आणायला बँक कर्ज देत असे. कामगारांच्या पगारासाठी मात्र रोजची आवक लागे, आणि ती आटली की नवे माग असूनही भोंगा बंद पडे.

आपल्या शहरांची वाहतूक नेमकी याच जागी अडली आहे. बांधायला पैसा मिळतो. चालवायला पैसा देण्याची बांधिलकी कायद्याने कोणावरच नाही.

विजेच्या नफ्यावर धावणारी बस

चालवण्याचा पैसा कुठून येणार हे आधीच ठरवून ठेवण्याची व्यवस्था मुंबईला पूर्वी ठाऊक होती. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही खासगी कंपनी होती आणि तिच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली होती. तोटा झाला तर तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्या रयतेकडून भरून निघणार होता. सार्वजनिक वाहतूक केवळ तिकिटावर उभी राहत नाही, हे इंग्रज गुंतवणूकदाराला पहिल्या दिवसापासून कळत होते.

1874 मध्ये घोड्यांची ट्राम आली, 1907 मध्ये विजेची. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. ट्राम आणि वीजपुरवठा एकाच कंपनीकडे होता. 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली आणि बेस्ट उपक्रम शहराच्या मालकीचा झाला.

या रचनेत एक मोठी सोय होती. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहराला बेस्ट वीज पुरवते. या भागात बँका, कचेऱ्या, हॉटेले, मोठी दुकाने. त्यांच्या वीजबिलातून जो नफा राही, त्यातून बसचा तोटा भरून निघे. नरिमन पॉइंटच्या वातानुकूलित कचेरीतला दिवा जळला की गोवंडी-शिवाजीनगरची बस चालायला हातभार लागे. त्यासाठी कोणाला अनुदान मागायला जावे लागत नव्हते.

2003 चा वीज कायदा आला, वीज नियामक आयोगाचे नियंत्रण घट्ट झाले. विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का सोसायचा, असा प्रश्न न्यायाधिकरणांपुढे गेला आणि हा रस्ता टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काहीच नाही. वीज बिलात विजेचेच पैसे असावेत, ही मागणी रास्त आहे. पण एक झरा बुजवताना दुसरा खणायला हवा होता, तो कोणी खणला नाही. तेव्हापासून बेस्ट दर वर्षी महापालिकेच्या दारात उभी आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महापालिकेने बेस्टसाठी 1,000 कोटी रुपये ठेवले. महापालिकेचा त्या वर्षीचा एकूण अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे होता. म्हणजे शंभर रुपयांतला जेमतेम सव्वा-दीड रुपया, आणि तोही पुढच्या वर्षी मिळेलच याची शाश्वती नाही. ज्याला पुढच्या वर्षीची आवक ठाऊक नाही, तो नव्या गाड्यांची मागणी कशी नोंदवणार आणि चालकांची भरती कशी करणार?

मेट्रोचा पैसा येतो कुठून

आता दुसरी बाजू पाहू. मेट्रो 3 चा मूळ अंदाज 23,136 कोटी रुपयांचा होता. तो वाढत 37,276 कोटींवर गेला. यातला निम्म्याहून अधिक पैसा जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज आहे, दीर्घ मुदतीचे आणि कमी व्याजाचे. उरलेला भाग केंद्र आणि राज्य सरकारचे भागभांडवल, बिनव्याजी किंवा सवलतीचे दुय्यम कर्ज, आणि काही वाटा अन्य मार्गांनी. देशातल्या बहुतेक मेट्रो याच धर्तीवर उभ्या राहतात. मुंबईच्या 2अ आणि 7 या मार्गांच्या गाड्या आणि यंत्रणांसाठी आशियाई विकास बँकेने कर्ज दिले.

अशा कर्जाला प्रकल्प लागतो: सुरुवात, शेवट, नकाशा, निविदा, उद्घाटन. बँकेला मोजता येईल असे काहीतरी उभे राहावे लागते. कुर्ल्याहून सुटणाऱ्या बसची दर पाच मिनिटांची फेरी ही अशी उभी करून दाखवण्याची गोष्ट नाही, म्हणून तिला जायकाही कर्ज देत नाही आणि जागतिक बँकही नाही. परिणामी शहराचा आराखडासुद्धा हळूहळू कर्जाच्या दिशेने झुकतो. कोणत्या कामाने जास्त लोकांची सोय होईल हा प्रश्न मागे पडतो, कोणत्या कामाला पैसा उभा राहील हा पुढे येतो.

खासगी भांडवलाचा मार्गही आपण पाहिला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो 1 सरकारी-खासगी भागीदारीतून उभी राहिली आणि 8 जून 2014 ला सुरू झाली. प्रकल्पाचा ठरलेला खर्च 2,356 कोटी होता, चालक कंपनीने प्रत्यक्षात 4,321 कोटी झाल्याचा दावा केला. भाडे किती असावे यावरून पहिल्या दिवसापासून वाद झाला. खर्चाचे प्रकरण लवादापर्यंत गेले. गाड्या मात्र भरभरून धावतात. साकीनाका, मरोळच्या कामगाराला या मार्गाने जे दिले, त्याचे मोल मी कमी करणार नाही. पण खासगी कंपनी आली म्हणून लोकांचा पैसा वाचतो, या समजुतीला या अनुभवाने आधार मिळत नाही. भरपाई अखेर कोणीतरी देतेच: तिकिटातून प्रवासी, नाहीतर करातून नागरिक.

चलनाच्या मागच्या बाजूची आकडेमोड

आपल्याकडे वाहतुकीसाठी वेगळा कर आधीपासून आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. माझी पुतणी आणि तिचा नवरा यांनी भांडुपला दोन खोल्यांचे घर घेतले. किंमत एक कोटी वीस लाख. मुद्रांक शुल्काचे चलन घेऊन ती माझ्याकडे आली. “काका, सात लाख वीस हजार! एवढे कसले घेतात?”

मी चलन उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर तिला मांडून दाखवले. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के. त्यातले पाच टक्के नेहमीचे. उरलेला एक टक्का म्हणजे मेट्रो उपकर. करोनाच्या काळात तो दोन वर्षे स्थगित होता, 1 एप्रिल 2022 पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत पुन्हा लागू झाला. एक कोटी वीस लाखांचा एक टक्का म्हणजे एक लाख वीस हजार रुपये. एवढी रक्कम तिने एका सहीत शहराच्या वाहतुकीला दिली.

यामागचे तत्त्व पटण्यासारखे आहे. मेट्रो आली की आसपासच्या जागेची किंमत चढते. ती चढ जागेच्या मालकाने कमावलेली नसते, सार्वजनिक पैशाने घडवलेली असते. तिचा काही भाग शहराने परत घेणे न्याय्य आहे. 2017 च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणातही केंद्राने राज्यांना हेच सांगितले आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड देऊन एमएमआरडीएने वर्षानुवर्षे जो पैसा उभा केला, त्याचाही पाया हाच.

पण मग पुतणीने पुढचा प्रश्न विचारला आणि मला तो फार योग्य वाटला. “हे एक लाख वीस हजार मी दिले, पण भांडुप स्टेशनवरून घरी यायला बस तर नाही. मी रोज शेअर रिक्षाच करते. मग मला काय मिळाले?” तिच्या घराजवळच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो 4 चे खांब उभे आहेत. ती मेट्रो सुरू होईल तेव्हा तिला नक्की उपयोग होईल. पण हा उपकर मेट्रो, मोनोरेल अशा मोठ्या प्रकल्पांच्या उभारणीसाठी आहे. स्टेशन ते घर हा दोन-अडीच किलोमीटरचा टप्पा त्यात बसत नाही. ज्या नागरिकाने पैसे भरले, त्याच्या दारापर्यंत येणारी सेवा या पैशातून चालवता येत नाही. माझ्या मते आपल्या वाहतुकीच्या अर्थकारणातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती कायद्यातल्या दुरुस्तीने दूर होण्यासारखी आहे.

पंधरा रुपयांत बोरिवली

या सगळ्याच्या मध्यभागी लोकल आहे. तिच्याशिवाय मुंबईचा कोणताही आराखडा कागदावरच राहील. चर्चगेट ते बोरिवली दुसऱ्या वर्गाचे तिकीट 15 रुपये. करोनापूर्वी रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास लोक लोकलने जात होते. त्यांच्या तिकिटातून खर्च निघत नाही, तो रेल्वेच्या इतर उत्पन्नातून भागतो. त्यामुळे उपनगरी गाड्यांवरच्या नव्या गुंतवणुकीला दिल्लीत प्राधान्य मिळेना. यावर तोडगा म्हणून 1999 मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा 51 टक्के, राज्याचा 49. एमयूटीपी (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) नावाने जे प्रकल्प आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते या महामंडळाचे.

या प्रकल्पांनी काय केले, ते थोडक्यात सांगतो. रुळांवरची वीज 1,500 व्होल्टच्या डीसीवरून 25,000 व्होल्टच्या एसीवर नेली, म्हणून जास्त गाड्या आणि लांब गाड्या चालवता आल्या. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या. 2009 मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली पंधरा डब्यांची लोकल धावली. बाराला तीन डबे जोडले की त्याच रुळावर, त्याच वेळात, त्याच मोटरमनच्या हाताखाली पंचवीस टक्के लोक जास्त जातात. यासाठी फलाट लांबवावे लागतात, सिग्नल हलवावे लागतात, पण नवी जमीन जवळजवळ लागत नाही. नियोजनात अशी कामे सर्वांत आधी व्हायला हवीत. ती मागे पडतात याचे कारण त्यांचे छायाचित्र चांगले येत नाही.

उशिराची किंमतही इथेच दिसते. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. या चौदा वर्षांत डोंबिवली, दिवा, कल्याणपलीकडे शहर फुगत गेले. त्या एका तुकड्यासाठी मधली एक अख्खी पिढी दारात लोंबकळत कामावर गेली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून आजही दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या गाड्यांतून माणसे खाली पडली, तेव्हा काही दिवस चर्चा झाली. ही मोजदाद कोणत्याही प्रकल्प अहवालाच्या खर्चाच्या रकान्यात येत नाही, आणि यायला हवी.

आणखी एक गोष्ट नियोजनकर्त्यांनी विसरू नये. पहिल्या एमयूटीपीसाठी रुळांलगतच्या झोपड्यांतून सुमारे एक लाख माणसे हलवली गेली. अनेकांना मानखुर्दला घरे मिळाली. पुनर्वसनाच्या तक्रारी प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेपर्यंत पोहोचल्या आणि 2006 मध्ये बँकेने काही महिने पैसा रोखून धरला. गाडीचा वेग वाढावा म्हणून ज्यांनी घर सोडले, त्यांना पुढे कामावर जायला बस मिळाली का, हा प्रश्नही वाहतुकीच्या आराखड्याचाच भाग आहे.

नऊ गाड्यांचे काम तेरा गाड्यांना

बसच्या हिशेबात लोक भाडे आणि तोटा पाहतात. मी वेग पाहतो.

दहा किलोमीटरचा एक मार्ग घ्या. बसचा सरासरी वेग ताशी 15 किलोमीटर असेल तर जायला 40 मिनिटे, यायला 40. दोन्ही टोकांना मिळून दहा मिनिटे थांबा. एक पूर्ण फेरी 90 मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी, तर नऊ गाड्या लागतील. आता रस्त्यावर मोटारी वाढल्या, दोन्ही बाजूंना पार्किंग झाले, मध्ये खोदकाम निघाले आणि वेग ताशी 10 वर आला. जायला तास, यायला तास, दहा मिनिटे थांबा. फेरी 130 मिनिटांची. तीच दहा मिनिटांची सेवा द्यायला आता तेरा गाड्या लागतील. चार गाड्या जादा, त्यांचे चालक, वाहक, वीज, दुरुस्ती जादा, आणि उत्पन्न तेवढेच. नऊच गाड्या असतील तर प्रवाशाला पंधरा-पंधरा मिनिटे उभे राहावे लागेल, तो रिक्षा किंवा दुचाकी धरेल, आणि रस्ता आणखी तुंबेल.

म्हणजे वेगळी बसमार्गिका ही मुळात पैसे वाचवणारी योजना आहे. रंगाचा डबा, फलक आणि वाहतूक पोलिसांची जरब एवढ्यावर चार गाड्यांचा खर्च वाचतो. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातल्या पहिल्या बीआरटींपैकी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतल्या जलद बससेवांपैकी, एक सुरू झाली. मुंबईतही बसमार्गिकांचे प्रयोग झाले, पण ते रुजले नाहीत. मोटारींसाठी रस्ता मोकळा करण्याच्या दबावापुढे बसमधली साठ माणसे एकेका मोटारीतल्या दीड माणसाहून कमी ठरली.

खर्च वाचवायला बेस्टने दुसरा मार्ग धरला, भाडेतत्त्वाचा. बस कंत्राटदाराची, चालकही त्याचा. बेस्ट त्याला दर किलोमीटरमागे पैसे देते. कागदावर स्वस्त दिसते. पण दर पुरेनासा झाला की कंत्राटदार अंग काढून घेतो आणि शेकडो गाड्या एकदम बंद होतात. गेल्या काही वर्षांत असे घडले. ऑगस्ट 2023 मध्ये याच गाड्यांच्या चालकांनी पगारासाठी संप केला. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात विजेवरच्या एका बसने रस्त्यातल्या माणसांना आणि वाहनांना धडक दिली, अनेकांचे जीव गेले, आणि अशा गाडीचे प्रशिक्षण चालकाला पुरेसे मिळते का हा प्रश्न उभा राहिला. चालकाचा अनुभव आणि त्याची नोकरीची खात्री हा बसच्या सुरक्षिततेचा भाग आहे. तिथे केलेली काटकसर शहराला महाग पडते.

भाड्याचा परिणामही आपण डोळ्यांनी पाहिला. जुलै 2019 मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आणले तेव्हा रोजचे प्रवासी 17-18 लाखांवरून 30 लाखांच्या घरात गेले. मुंबईकराला बस हवी आहे. तोट्याची तरतूद न करता भाडे उतरवले, म्हणून ते टिकले नाही.

इतर शहरांनी काय केले

पॅरिसने 1971 मध्ये एक कर आणला. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकाने पगाराच्या काही टक्के रक्कम वाहतुकीसाठी द्यायची. पुढे तो फ्रान्सच्या इतर शहरांत गेला आणि आज 11 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू आहे. हा पैसा रोजची सेवा चालवायलाही वापरता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. कारण सोपे आहे: कामगार वेळेवर पोहोचला तर फायदा मालकाचाही होतो.

लंडनने 17 फेब्रुवारी 2003 पासून शहराच्या मध्यभागी मोटार आणणाऱ्याकडून दिवसाला पाच पौंड घ्यायला सुरुवात केली आणि तो पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन ठेवले. तिथल्या एलिझाबेथ लाइनसाठी मोठ्या व्यापारी जागांवर 2010 पासून जादा कर बसवला. हा मार्गही रखडला: डिसेंबर 2018 ला सुरू व्हायचा तो मे 2022 मध्ये सुरू झाला. न्यूयॉर्कने 5 जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात मोटारीला नऊ डॉलर लावले. हाँगकाँगच्या एमटीआर या रेल्वे कंपनीला सरकार मार्गालगतच्या जागेचे विकासहक्क रेल्वे येण्यापूर्वीच्या किमतीने देते, आणि रेल्वेमुळे वाढलेल्या किमतीचा फायदा कंपनी रुळांसाठी वापरते.

हे उपाय एकमेकांपासून वेगळे आहेत, पण त्यांत एक धागा समान आहे. वाहतुकीमुळे ज्याला लाभ होतो किंवा जो रस्ता अडवतो, त्याच्याकडून पैसा घ्यायचा आणि तो कशावर खर्च होणार हे कायद्यात लिहून ठेवायचे.

“आपल्याकडे असे जमणार नाही” हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले. जमले आहे. 1975 मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला शहरातल्या पगारदाराने हातभार लावला. माझ्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जात, आणि ते दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या कामासाठी सुरू झालेले आहेत हे आमच्या खात्यातल्या जुन्या कारकुनाला ठाऊक असे. या कराला राज्यघटनेने वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून तोच वाढवून बस चालणार नाही. पण एका कामासाठी एक कर, त्याचा वेगळा निधी आणि सेवेचा कायदेशीर हक्क, ही पद्धत देशाला महाराष्ट्राने शिकवली. शहरांच्या वाहतुकीला तीच लावायची आहे.

काय करता येईल

माझ्या दृष्टीने चार गोष्टी तातडीच्या आहेत.

पहिली, मेट्रो उपकराच्या कायद्यात दुरुस्ती करून त्यातला ठरावीक हिस्सा, निदान चौथा भाग, त्याच शहराच्या बससेवेच्या रोजच्या खर्चासाठी राखून ठेवावा. रस्त्यावरच्या पार्किंगचे सगळे उत्पन्नही त्याच निधीत जावे. मुंबईत नोंद झालेल्या वाहनांची संख्या 45 लाखांच्या पुढे गेली आहे. सार्वजनिक रस्त्यावर खासगी गाडी उभी करण्याचे मोल बसच्या प्रवाशाने चुकवू नये.

दुसरी, कोणत्याही नव्या मेट्रो मार्गाच्या मंजुरीत स्थानकापर्यंतच्या बससेवेचा निदान दहा वर्षांचा खर्च धरलेला असावा. स्थानक आणि बस एकाच दिवशी सुरू व्हावेत.

तिसरी, बसमार्गिका. मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळेत एक मार्गिका बसची, आणि ती अडवणाऱ्याला दंड.

चौथी, एकच प्राधिकरण. मुंबई महानगरासाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण 2008 मध्ये शासनाने नेमले, पण त्याला कायद्याचे बळ नव्हते. लोकल रेल्वेची, बस महापालिकेची, मेट्रो वेगवेगळ्या संस्थांची, ठाण्याची परिवहन सेवा वेगळी, नवी मुंबईची वेगळी. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आले आणि अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी मिळू लागली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पुढचे पाऊल एका भाड्याचे असावे: बसमधून लोकल, लोकलमधून मेट्रो, तरी प्रवास एकच मानून पैसे घ्यावेत. पुण्यात पीएमपीएमएल या बससेवेची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60 आणि 40 या प्रमाणात उचलतात. दोन महापालिका वाटा ठरवू शकतात, तर मुंबई महानगरातल्या नऊ महापालिकाही ठरवू शकतील.

शेवटी एक विनंती तुम्हाला. महापालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत येतो आणि तो संकेतस्थळावर मराठीतही मिळतो. मार्च 2022 मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे हे अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले. सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हते, तेव्हा विचारण्याची जबाबदारी आपली होती, आणि सभागृह असतानाही ती संपत नाही. त्या पुस्तकात बसच्या नावापुढे किती रक्कम आहे आणि नव्या रस्त्यांच्या नावापुढे किती, एवढे दोनच आकडे शोधून काढा. तुमच्या थांब्यावर उभ्या असलेल्या चार माणसांना ते सांगा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पुढच्या पाच वर्षांत आमच्या भागातली बस चालवायला पैसा कोणत्या खात्यातून येणार? खात्याचे नाव जो सांगू शकेल, त्याच्याच आश्वासनाला किंमत द्या.